स्टॉपरचा एकुलता एक गोल

त्या शनिवारी दुपारी नीवेसच्या स्वयंपाकघरात तोर्तेल्लिनी वळायचं काम चाललं होतं आणि वान्दाच्या हातून नेहमीप्रमाणे एकही धड वळली जात नव्हती.

टेबलभर लाटलेली पोळी पसरली होती. नीवेस कातण्याने तिचे चौकोन पाडत होती, तिची लेक देलिया प्रत्येक चौकोनावर सारणाची वाटाण्याएवढी गोळी ठेवत होती आणि वान्दा तो चौकोन दुमडून, बोटाभोवती फिरवून, दोन्ही टोकं चिमटीत दाबत होती. नाताळच्या सुपात पडणाऱ्या तोर्तेल्लिनी महिनाभर आधी वळून फ्रीझरमध्ये टाकायच्या, हा त्या घराचा शिरस्ता होता. त्यासाठी देलिया बोलोन्याहून यायची. वान्दाला यायची गरज नसायची, ती समोरच राहायची आणि घराची एक किल्ली तिच्याकडेच असायची.

नीवेसने वान्दाची एक तोर्तेल्लिनी उचलून उजेडात धरली. "हे काय आहे? मोडलेला कान?"

"आधी माझी बोटं बघ, मग बोल," वान्दा म्हणाली. ती संघाची गोलकीपर होती आणि तिच्या दोन्ही हातांच्या करंगळ्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या. "तुझ्यापायी मोडलीत ही. तू पुढे नीट अडवलं असतंस तर माझ्यापर्यंत बॉल आलाच नसता."

"माझ्या बाजूने कधी आला गं बॉल? तूच उगाच खांबावर उड्या मारायचीस, गर्दीला दाखवायला."

"गर्दी कुठली? पोरींचे बाप आणि पाद्रीबाबांचा कुत्रा."

"कुत्र्याला तरी कौतुक होतं. आमच्या बाईसाहेबांना तेही नव्हतं." नीवेसने कातण्याचं टोक लेकीकडे केलं. "सगळ्या मॅचला हजर, आणि एक मॅच बघितलेली नाही. पुस्तकात डोकं. समोर गोल झाला तरी पान उलटायची."

देलियाने मान वर न करता गोळी ठेवली. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की कधी आवाज चढणार आणि कधी थांबणार हे तिला पाठ होतं. तिच्या लग्नात नीवेसने ते व्याह्यांना ऐकवलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी, भुलीचं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरलाही ऐकवलं होतं.

"बघितलं असतं तर आज साक्षीला उभी राहिली असती," वान्दा म्हणाली. "सांगितलं असतं की तुझा तो गोल बुडाला लागून गेला."

"डोक्याने मारला मी तो."

"बुडाने."

"तू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतीस. धुक्यात तुला स्वतःचे हात दिसत नव्हते."

"दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. बुडाला बॉल लागल्याचा आवाज वेगळा असतो."

नीवेस इतकी हसली की कातणं खाली ठेवून तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग पिठाच्या हातांनी डोळे पुसले आणि गालावर पांढरे पट्टे ओढून लेकीकडे वळली. "सांग तूच. तू त्याच गोलच्या मागे बसली होतीस. डोकं की बूड?"

"मी वाचत होते, मम्मा."

"बघ. ऐकलंस?" नीवेस वान्दाला म्हणाली. "हिला शिकवून हे फळ मिळालं."

*

देलिया वाचत नव्हती. पण ते सांगायचं तर नीवेसचं सगळंच सांगावं लागेल.

फोस्साबेल्ला हे पो नदीच्या मैदानातलं गाव. तिथे लोकरीच्या कपड्यांचे कारखाने होते आणि गावातल्या निम्म्या पोरी शाळा सुटली की विणकामाच्या यंत्रावर जाऊन बसायच्या. नीवेस अठराव्या वर्षी बसली. दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या अंगणात पोरी उरलेल्या लोकरीचा गोळा करून, तो काथ्याने बांधून, लाथांनी इकडून तिकडे उडवायच्या. गावचा बेकरीवाला बोनफात्ती पाव द्यायला यायचा. तो एकदा पाव उतरवायचा विसरून बघतच राहिला. पुढच्या रविवारी त्याने अकरा पोरी गोळा केल्या आणि त्या दिवसापासून सारं गाव त्याला 'मिस्टर' म्हणू लागलं, कारण इटलीत फुटबॉलच्या प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात, मग तो बेकरीवाला का असेना.

मिस्टरची पावाची गाडी हीच संघाची बस. पोरी आत पिठाच्या पोत्यांवर बसायच्या आणि परगावी उतरल्या की सगळ्यांच्या चड्ड्या मागून पांढऱ्या असायच्या. समोरचा संघ त्यावरून ओळखायचा, फोस्साबेल्ला आली. जर्सी कारखान्यातच विणलेली, लाल-काळी, खऱ्या लोकरीची. पाऊस आला की ती गुडघ्यापर्यंत लोंबायची आणि धावताना मांडीवर चापट्या मारायची. बुटं पुरुषांची, पुढे लोकरीचे बोळे कोंबलेली. नीवेसच्या बापाने बुटं पाहिली तर पाय मोडीन म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती आईने कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली. पहिल्या दोन वर्षांत नीवेसच्या बुटात एकदा अंडंही सापडलं.

मिस्टरने तिला स्टॉपर केलं, पाच नंबर. स्टॉपरचं काम साधं आणि कंटाळवाणं असतं. समोरच्या संघात गोल करणारी जी असेल तिला धरायचं, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही. बॉल कुठे आहे ही दुसऱ्यांची काळजी.

"बॉलकडे बघू नको," मिस्टर सांगायचा. "बॉल फसवतो. तिच्या कमरेकडे बघ. पाय खोटं बोलतात, डोळे खोटं बोलतात, कंबर खोटं बोलत नाही. आणि ती मुतायला गेली तर दाराशी जाऊन उभी राहा."

नीवेसने ते शब्दशः घेतलं. सतरा-अठरा वर्षं ती दुसऱ्या बायकांच्या कमरा बघत धावली. घरीही तिची सवय सुटली नाही. रस्त्याने चालताना ती नेहमी मोटारींच्या बाजूला, देलिया आतल्या बाजूला. बाजारात कुणी देलियाच्या अंगाशी येऊ लागलं की नीवेस मध्ये उभी असायची, कधी आली ते कळायचंही नाही. एकदा तिला राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. निळी जर्सी मिळाली, परदेशात एक मॅच झाली, नीवेस अख्खी मॅच बाकावर बसून परत आली. कशी होती मॅच, असं विचारलं की म्हणायची, "बाक छान होतं, गादीचं." ती निळी जर्सी पुढे कित्येक वर्षं देलियाचा रात्रीचा झगा होती.

लग्न झालं, देलिया झाली, तरी नीवेस खेळत राहिली. गावाने नावं ठेवली. तिचा नवरा एर्मेस ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "घरात बसवली तर ती माझ्याच कमरेकडे बघत बसेल." रविवारी त्याला शेतांवर कामं असायची, म्हणून पोरगी आईबरोबर पावाच्या गाडीत. मिस्टर तिला पावाचं रिकामं खोकं उलटं करून द्यायचा आणि ती त्यावर बसून पुस्तक उघडायची.

देलिया नऊ वर्षांची असताना नोव्हेंबरातली एक मॅच आली. जिंकलं तर संघ वरच्या गटात राहणार होता, नाहीतर खाली जाणार होता. धुकं इतकं की गोलचे खांब दुधात बुडवल्यासारखे दिसत होते. रेफरीने मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघितलं आणि दोन्ही गोल दिसतात म्हणाला. त्याला बहुधा जेवायला घरी पोचायचं होतं.

समोरच्या संघात मोरेना होती, उंच, लांब ढांगांची. नीवेसकडे तिला धरायचं काम. शेवटच्या काही मिनिटांत, अजून एकही गोल झालेला नसताना, फोस्साबेल्लाला कॉर्नर मिळाला. अशा वेळी स्टॉपरने मागे थांबायचं असतं. पण मोरेना उंच म्हणून तिच्या मिस्टरने तिला बचावासाठी तिच्याच गोलसमोर बोलावून घेतलं. मोरेना तिकडे गेली म्हणून नीवेस तिच्यामागे गेली. कुणी ओरडलंही, "नीवेस, तू कुठे चाललीस?" तिला सोडायचं नाही एवढंच नीवेसला ठाऊक. अशी ती आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या गोलपुढे जाऊन उभी राहिली. गोल करायला नाही, गोल करणारीला अडवायला. कॉर्नरचा बॉल आला आणि जाळ्यात गेला.

तो तिच्या अंगाला कुठे लागून गेला, हे धुक्यात कुणाला दिसलं नाही. गाडीत बसल्या बसल्या नीवेस म्हणाली, "डोक्याने मारला." तिचं तोंड इतकं फुललं होतं की गाडीतल्या अंधारातही दिसत होतं. मग सगळ्यांनी देलियाला विचारलं, कारण तीच गोलच्या मागे, पाच पावलांवर, खोक्यावर बसली होती.

देलियाने एकदा आईचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "मी वाचत होते."

तेव्हापासून ते चालत आलं. दोन वर्षांनी नीवेसचा गुडघा गेला आणि खेळणं थांबलं, पण गोल थांबला नाही. वान्दा बुडाच्या बाजूने, नीवेस डोक्याच्या, आणि देलिया न बघितल्याच्या. ह्या तिघींच्या जागाच होऊन बसल्या, जेवणाच्या टेबलाशी ठरलेल्या खुर्च्या असतात तशा. पुढे देलिया बोलोन्याला ग्रंथालयात नोकरीला लागली, पुस्तकांतच राहू लागली, तेव्हा ते सगळ्यांना आणखीच पटलं.

*

त्या शनिवारी अंधारायच्या आत देलिया निघाली. नीवेस तिला गाडीपर्यंत सोडायला आली, नेहमीप्रमाणे रस्त्याच्या बाजूने चालत. हातात झाकलेलं ताट होतं, त्यात बोलोन्यासाठी तोर्तेल्लिनी.

"वान्दाच्या वेगळ्या ठेवल्यात," ती म्हणाली. "त्या पाहुण्यांना दे."

"पाहुण्यांना का?"

"आपल्या माणसांना तसल्या कशाला द्यायच्या."

देलियाने ताट मागच्या सीटवर ठेवलं. नीवेस दाराला हात लावून उभी होती आणि तिला काहीतरी म्हणायचं होतं हे देलियाला दिसलं, कारण ती लेकीच्या तोंडाकडे न बघता थोडी खाली बघत होती.

"एक विचारू?" नीवेस म्हणाली. "वान्दा नाहीये म्हणून विचारते. खरंच एकदाही वर बघितलं नाहीस का गं? इतक्या वर्षांत?"

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. देलियाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण थंडी होती, नीवेस नुसत्या स्वेटरवर बाहेर आली होती, आणि हे उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या द्यायचं नव्हतं. ते टेबलावर द्यायचं होतं, सुपाच्या वाडग्यांसमोर, वान्दाच्या देखत.

"नाताळला सांगते," ती हसून म्हणाली. "आत जा, गारठशील."

"म्हणजे सांगण्यासारखं आहे काहीतरी," नीवेस म्हणाली, आणि एकदम खूश झाली. "बरं. नाताळला."

गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

एर्मेस गेल्यापासून नीवेस घरात एकटीच राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खिडक्या उघडल्या नाहीत म्हणून वान्दा किल्ली घेऊन आत गेली. गॅसवर कॉफीची किटली पाणी आणि पूड भरून तयार होती, पेटवायची राहिली होती. नीवेस पलंगावर होती, कुशीवर, गुडघे थोडे मुडपून, झोपेतच गेलेली. वान्दाने देलियाला फोन केला. "तू ये," एवढंच ती म्हणाली. "सावकाश चालव."

*

त्या भागात माणूस गेलं की भिंतींवर कागद लागतात. काळी चौकट, मधे फोटो, नाव, वय, आणि खाली घरच्यांनी सांगितलेली एखादी ओळ. बारच्या बाहेर, चर्चजवळ, बसथांब्यावर. गावकरी ते वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा सालवाराणी संध्याकाळी घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसला. टेबलाच्या फटीत अजून पीठ होतं.

"खाली काय घालायचं?" त्याने अदबीने विचारलं. "बहुतेक लोक 'प्रेमळ पत्नी आणि आई' असं घालतात."

 आयुष्यभर इतकं वाचून एक ओळ देलियाकडे नव्हती. तिने वान्दाकडे बघितलं. वान्दा खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

"लिही," वान्दा तशीच म्हणाली. "फोस्साबेल्लाची स्टॉपर. पाच नंबर. एक गोल." ती थांबली. "डोक्याने."

सालवाराणीचं पेन थबकलं. नीवेस आणि वान्दाचं भांडण त्यालाही ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"वान्दामावशी," देलिया म्हणाली, "तू तर म्हणायचीस…"

"म्हणायची." वान्दा वळली. तिचं नाक लाल झालं होतं. "ती होती तोवर म्हणायची. आता कुणाशी भांडू? तिला डोक्याने हवा होता ना, घेऊ दे डोक्याने. लिही रे तू."

त्याने लिहिलं. देलिया सबंध दिवस कोरडी होती, डॉक्टर आला तेव्हाही, नातेवाइकांना फोन करतानाही. त्या 'डोक्याने'ने मात्र तिला धरलं. वान्दाने हार मानली म्हणजे आई खरोखरच गेली होती. आणि तिसरी बाजू, तिची स्वतःची, आता कुणी विचारणारच नव्हतं. नाताळला सांगते म्हटलेलं ते आता कुणाला सांगायचं होतं?

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने वान्दा दाराशी आली आणि आत न येता म्हणाली, "सूप ठेवते. खाऊन घे."

तिने फ्रीझरमधल्या तोर्तेल्लिनीच सुपात टाकल्या होत्या. वाडग्यात दोघींच्या तोर्तेल्लिनी वेगवेगळ्या ओळखू येत होत्या, नीवेसच्या घट्ट, एकसारख्या, आणि वान्दाच्या मोडलेल्या कानांसारख्या, निम्म्या उकलून गेलेल्या. देलियाने आधी वान्दाच्या खाल्ल्या. नीवेसच्या मात्र वाडग्यात तशाच राहिल्या, सूप निवेपर्यंत.

"खा," वान्दा म्हणाली. "त्या ठेवून काय त्यांचा पुतळा करणार आहेस?"

*

बुधवारी धुकं होतं. चर्चमधून निघाल्यावर गाडी सरळ दफनभूमीकडे न नेता आधी मैदानावर न्यायची, असं वान्दाने परस्पर ठरवून टाकलं होतं आणि सालवाराणीने मान डोलावली होती. वान्दाला नाही म्हणणारा माणूस गावात नव्हता. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी भिंतीवरच्या कागदाचा उल्लेख केला आणि मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांमध्ये कुजबूज झाली. बारमध्ये सोमवारपासून दुसरा विषय नव्हता. वान्दाने मानलं म्हणतात. मग आता डोकंच धरायचं.

मैदानावर हल्लीच्या पोरींचा संघ बाहीवर काळी पट्टी बांधून उभा होता. त्यांच्या जर्सी पातळ आणि चकचकीत होत्या, पण रंग तोच, लाल-काळा. त्यांच्या बाजूला जुन्या संघातल्या जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या, काही काठ्या टेकत. धुक्यात खांब दिसत नव्हते, गाडी अगदी जवळ गेली तेव्हा एकदम समोर आले. सालवाराणीने मागचं दार उघडलं आणि शवपेटी चौघांनी दोन स्टुलांवर ठेवली, गोलच्या तोंडाशी.

तेवढ्यात धुक्यातून एक उंच बाई पुढे आली. लांब ढांगा, एक गुडघा ताठ. ती कुणाला काही न विचारता शवपेटीपाशी आली आणि खांद्याला खांदा लागेल इतकी चिकटून उभी राहिली.

"मोरेना," वान्दा म्हणाली. "तू एवढ्या लांबून?"

"आयुष्यात हिने मला एकदाही मोकळं सोडलं नाही," मोरेना म्हणाली. "आज मी हिला सोडणार नाही. कागद वाचला मी. भाच्याने फोटो पाठवला."

वान्दाला राहवलं नाही. अंत्यविधी असो नाहीतर काही असो, इतक्या वर्षांनी समोर दुसरा साक्षीदार उभा होता. "मोरेना, तू तर तिच्या अंगाला अंग लावून उभी होतीस. खरं सांग. डोकं की बूड?"

"मला काय विचारतेस? तिने माझी जर्सी मागून मुठीत धरली होती. मी उडी मारली तशी जर्सी माझ्या तोंडावर आली. मला फक्त माझी कॉलर दिसली."

जुन्या बायकांमध्ये हसू फुटलं, आणि ते हसू कुणी दाबलं नाही. पोरींनाही हसू आलं. मोरेनाने हातमोज्याने डोळे पुसले. "रेफरीला ती मूठ दिसायला हवी होती," ती म्हणाली. "पण तो जेवणाचा विचार करत होता."

हसू विरलं. सालवाराणीने देलियाकडे बघून हळूच मान हलवली. काही म्हणायचं असेल तर आता. नाहीतर निघू.

देलिया गोलच्या मागे गेली, जिथे त्या दिवशी खोकं होतं तिथे. तिथून जाळ्याच्या चौकटीतून शवपेटीची मागची बाजू दिसत होती. तेव्हाही आई तिला पाठमोरीच दिसायची, नेहमी, पाठीवर पाचचा आकडा आणि भिजून लोंबणारी लोकर. पुस्तक उघडं असायचं. त्या काळात एक पान महिनाभर उघडं ठेवलेलं तिला आठवत होतं, त्यावरचा पाऊस वाळून कागद फुगला होता, आणि त्या पानावर काय होतं ते तिने अजून वाचलेलं नव्हतं.

ती परत फिरून पुढे आली आणि शवपेटीच्या लाकडावर हात ठेवला. लाकूड दमट होतं. ती बोलली तेव्हा आवाज हळू नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मम्मा, मी वाचत नव्हते. एकाही मॅचला नाही."

वान्दाने झटकन मान वळवली.

"पुस्तक नुसतं उघडं असायचं. त्या दिवशी बॉल तुझ्या मानेला लागला. इथे, मागे. तुला कळलंही नाही. सगळ्या तुझ्या अंगावर येऊन पडल्या तरी तू मोरेनाचीच कंबर बघत होतीस. गाडीत तू डोक्याने म्हणालीस, आणि इतकी आनंदात होतीस की मला मानेला लागला म्हणवेना."

"मान," वान्दा पुटपुटली. "म्हणजे आम्ही दोघीही…"

"गप गं," मोरेना म्हणाली. "बोलू दे तिला."

देलियाने दुसराही हात लाकडावर ठेवला.

"नाताळला सांगणार होते. तू विचारलंस ना, एकदाही वर बघितलं नाहीस का. मिस्टर तुला सांगायचे, बॉलकडे बघू नको. मीही कधी बघितलं नाही, मम्मा. बॉल कुठे असायचा मला माहीत नाही. मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होते."